राडारोडा कुठे जातो

पुण्याहून आलेल्या सल्लागार मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान होत्या आणि त्यांना राग म्हणून येत नसे. याचाच मला पहिल्या दिवशी राग आला. पनवेलच्या आमच्या ऑफिसात मीटिंग म्हणजे चहा येईपर्यंत सगळे आपापल्या फोनमध्ये, चहा आला की साहेबांचं बोलणं, आणि साहेबांचं बोलून झालं की आमच्या माना हलायला मोकळ्या. या बाईंनी चहाच्या आधीच सगळ्यांपुढे कागद ठेवले आणि म्हणाल्या, "आज साहेब सगळ्यात शेवटी बोलतील." साहेब हसले. आम्ही कोणी हसलो नाही.

मी एका बांधकाम कंपनीत खरेदीचं काम बघते. सिमेंट, सळई, खडी, क्रश सँड, साइटवर जे जे लागतं ते कुणाकडून घ्यायचं हे माझ्या टेबलावरून जातं. उलव्यात आमच्या दोन इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यांना कर्ज देणाऱ्या संस्थेने नवी अट घातली होती. माल पुरवणारा माणूस पर्यावरणाची काळजी घेणारा हवा, आणि तो तसा आहे हे तुम्ही कशावरून ठरवलंत तेही दाखवता यायला हवं. साहेबांच्या भाषेत सांगायचं तर, "आता खडीवाल्याचं पण चारित्र्य बघायचं." त्यासाठी या मॅडम आल्या होत्या.

खडीवाला म्हणजे नुसता खडीवाला नसतो. त्याचा डंपर येताना खडी आणतो आणि जाताना खोदलेली माती, फुटक्या विटा, तोडलेलं काँक्रीट, असा साइटवरचा सगळा राडारोडा भरून नेतो. आणतो काय ते आम्ही डोळ्यांत तेल घालून बघतो. नेतो कुठे ते कोणी विचारत नाही. गाडी फाटकाबाहेर पडली की आमची साइट स्वच्छ झाली.

आणि त्या साइटवरचा खडीवाला माझा सख्खा मोठा भाऊ होता.

यात लपवण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडची रीतच अशी की ज्याच्या जमिनीवर इमारत, त्याची गाडी साइटवर. माझं माहेर गव्हाणचं. वडिलांची भातशेती सरकारच्या भूसंपादनात गेली, बदल्यात उलव्यात भूखंड मिळाला, तो साहेबांनी बांधायला घेतला, तेव्हा बोलणीच अशी झाली की खडी आणि माती दादाची. हे कुठल्याही कागदावर नाही आणि म्हणूनच ते मोडणं कठीण. परक्याची गाडी आली तर अख्खं गाव फाटकाशी येऊन उभं राहतं, मग पोलीस येतात, मग चहा होतो, आणि शेवटी गाडी दादाचीच आत जाते. मला ही नोकरी या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून होती, हे सांगून सांगून मी दमले. आता सांगत नाही.

त्यामुळे काय पणाला लागलंय हे मला कागद हातात पडताच कळलं. दादाचं काम गेलं तर ते माझ्या हाताने जाणार होतं. आईवडील गेल्यावर माहेर म्हणून मला तेवढा एक दादाच उरला होता. मी सरळ उठून म्हटलं, "साहेब, मी यात बसत नाही. माझा भाऊ आहे त्यात."

साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही उठलात तर इथे गावातलं कोण राहिलं? बसा."

मी बसले.

मॅडमची पद्धत ऐकायला सोपी होती. पुरवठादार तीन होते. एक दादा, एक कळंबोलीचा मोठा ट्रान्सपोर्टवाला, आणि एक उरण रस्त्यावरचा, जो फक्त शर्यतीत तीन घोडे दिसावेत म्हणून घेतला होता. मत देणारे आम्ही चौघं. साहेब, साइट इंजिनिअर, हिशेब बघणारे काका आणि मी. प्रत्येक प्रश्नावर आकडा नाही द्यायचा, शब्द द्यायचा. चांगला, मध्यम, वाईट. मग मॅडम त्या शब्दाचा पट्टा करणार. मध्यम म्हणजे दहापैकी चार ते सहा. चांगला म्हणजे सात ते नऊ. वाईट म्हणजे एक ते तीन.

"पट्टा कशाला? सरळ पाच लिहा ना," काका म्हणाले.

"इथून उलव्याला जायला किती वेळ लागतो?" मॅडमने विचारलं.

"तीस ते चाळीस मिनिटं. ट्रॅफिकवर आहे."

"मग तुम्ही सरळ पस्तीस का नाही म्हणालात?" मॅडम म्हणाल्या. काकांनी चष्मा पुसायला घेतला.

माल कसा, गाड्या धूर किती सोडतात, रस्त्यावर धूळ उडू नये म्हणून ताडपत्री टाकतात का, असे प्रश्न भराभर झाले. शेवटचा प्रश्न होता, राडारोडा कुठे जातो. आम्ही लिहिलं, कागद मॅडमकडे दिले आणि चहा आला. मॅडमने चहाला हात लावला नाही. त्या कागद पुन्हा पुन्हा चाळत होत्या.

"या शेवटच्या प्रश्नाला तुम्ही चौघांनी तिघांनाही मध्यम दिलंय."

"हो. म्हणजे एकमत झालं," साहेब म्हणाले.

"तेच म्हणते. एकमत दिसलं की ही पद्धत त्या उत्तरावर जास्त भरवसा ठेवते. म्हणून विचारते, कोणी पाहिलंय का?"

बाहेर कुणीतरी रिव्हर्स घेत होतं, त्याचं पीं पीं तेवढं ऐकू येत होतं.

आमच्या लोकांची ही जुनी खोड. माहीत नाही असं कबूल करायचं नाही, कारण त्यात कमीपणा. वाईट लिहायचं नाही, कारण तो माणूस पुढच्या हळदीला शेजारच्या खुर्चीत बसणार. चांगलं लिहायचं नाही, कारण उद्या काही निघालं तर आपल्या अंगावर येईल. मग उरतं मध्यम. मध्यम लिहिलं की आपण सुटलो. वधूवरांच्या चौकशीपासून सोसायटीच्या वॉचमनपर्यंत आमचं हेच चालतं, आणि मीही त्यातलीच, उगाच शहाणपणाचा आव कशाला आणू.

मॅडमने फळ्यावर चौथा शब्द लिहिला. माहीत नाही. त्याचा पट्टा शून्य ते दहा. "काहीही असू शकतं, म्हणून सगळा पट्टा," त्या म्हणाल्या. "मध्यम खोडा. ज्याने पाहिलं नाही त्याने हे लिहा."

सगळ्यांनी खोडलं. तिघांपुढेही माहीत नाही.

आता साहेब सरसावून बसले. "एवढा लांब पट्टा. यातलं धरायचं काय?"

"ते तुमच्यावर. सावध माणूस खालचं टोक धरतो, आशेवर चालणारा वरचं, कोणी मधलं धरतं. पण आत्ता ठरवा. निकाल बघून नंतर नाही."

"खालचं," साहेब म्हणाले. "पैसा दुसऱ्याचा आहे, आपण सावध राहिलेलं बरं."

मॅडमने ते लिहून घेतलं आणि आम्हाला सोमवारपर्यंत वेळ दिला. मध्ये कोणी प्रत्यक्ष जाऊन पाहिलं तर त्याने उत्तर बदलायचं. ऐकलं म्हणून नाही, कागद बघितला म्हणून नाही, डोळ्यांनी पाहिलं तरच. असं म्हणताना त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. बाकीच्या तिघांनी माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साइटवर गेले. दादाशी मी सगळं बोलते. पोरांच्या मार्कांपासून माझ्या गुडघ्यापर्यंत. फक्त त्याच्या धंद्याचं बोलत नाही आणि माझ्या ऑफिसचं तो विचारत नाही. त्या एका न बोलण्यावर आमचं इतकी वर्षं छान चाललं होतं.

तो डंपरच्या सावलीत उभा राहून ड्रायव्हरला काहीतरी सांगत होता. मला बघून म्हणाला, "काय बाय, आज साइटवर उतरलीस?"

दादापुढे माझी जीभ आपोआप गावाकडे वळते. "दादा, एक इचारायचं हाय. इथला राडारोडा तू कुठं नेतोस?"

त्याने टोपी काढून हातात घेतली. "बहीन म्हनून इचारतंस का हाफिसची म्हनून?"

"दोनी."

"दोनी एका गाडीत मावत नाय," तो म्हणाला. मग त्याने ड्रायव्हरला खाली उतरवलं, स्वतः स्टेअरिंगवर बसला आणि पलीकडचं दार उघडलं. "बस."

मी चढले. साडी सावरत, दांड्याला लटकत, कशीबशी. मागे राडारोडा भरलेला होता. उलव्याच्या रस्त्याला सगळीकडे पत्र्याचे आडोसे आणि त्यांच्यावर हसऱ्या कुटुंबांची चित्रं. मी मनातल्या मनात रस्ता धरून होते. डावीकडे वळला तर सरकारमान्य केंद्राकडे, जिथे राडारोडा दळून त्याची पुन्हा वाळू करतात. तिथे वळ, मी म्हणत होते, तिथे वळ. तो सरळ गेला.

गाव यायच्या अलीकडे त्याने गाडी कच्च्या बांधावर घातली. डंपर एवढा हलत होता की बोलायला तोंड उघडलं तरी जीभ चावली असती. मग समोर उघाडी दिसली. खाडीचं पाणी भरतीला आत घ्यायची आणि सोडायची आमच्याकडे दगडी वाट असते, तिला फळ्या लावलेल्या असतात, तीच उघाडी. ही उघाडी मी झोपेतही ओळखली असती. तिच्यावर बसून मी आईची वाट बघायची, आई आत मीठ ओढत असायची.

आमचं मिठाचं आगर होतं ते. संपादनातून वाचलेला शेवटचा तुकडा. मीठ पिकवणं बंद होऊन जमाना झाला आणि तिथे तिवरं, म्हणजे खाडीकाठची खारफुटी, माजली होती. आता निम्मी तिवरं राडारोड्याखाली होती. पांढऱ्या फरशीचे तुकडे, तुटलेले कमोड, लाल विटा, आणि त्यांच्या कडेने चिखलातून वर आलेल्या तिवरांच्या मुळ्या. काही झाडं कंबरेपर्यंत पुरलेली आणि वरून हिरवीच होती.

"खाली उतर," दादा म्हणाला. "नीट बघ. लिवायचंय ना तुला."

मी उतरले. "दादा, तिवरांवर टाकायला बंदी हाय. गुन्हा हाय यो."

"ठाव हाय."

"मंग?"

"जागा कोनाची?"

"आपली."

"आपली म्हंजे कोनाची?"

आमच्याकडे जमिनीला भाव आला तेव्हा गावातल्या भावांनी बहिणींना एकेक करून जेवायला बोलावलं आणि जेवणानंतर हक्कसोडीच्या कागदावर सह्या घेतल्या. बहिणींनी दिल्या, माहेर तुटू नये म्हणून. दादाने मला जेवायला कितीदा तरी बोलावलं, कागद कधी पुढे केला नाही. सातबाऱ्यावर त्याच्या नावाखाली माझं नाव तसंच आहे. याचा मला इतका अभिमान होता की नणंदांपुढे मी तो विषय मुद्दाम काढायची.

"तुजी आन माजी," तो म्हणाला. "पावसात पानी किती चढतंय तुला ठाव हाय. उंच केल्याबिगर हितं घर उबं राहील? उघाडीच्या अंगाचा भाग तुजा धरलाय मी. तो आदी भरला. माजा नंतर."

मला त्याचा संताप आला आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडावंसं वाटलं. माझ्यासाठी असं काही करायला मी कधी सांगितलं होतं? आणि माझ्यासाठी असं काही करणारं दुसरं होतं तरी कोण? मी ओरडले, "मला नको हाय असलं घर."

"तुज्या सायबाची बिल्डिंग कशावर उबी हाय? बाबांच्या भाताच्या खाचरावर. ती चालते तुला. पगार घेतंस तिचा."

मग मी मऊ झाले. म्हटलं, सोमवारच्या आत उचलून टाक, मी काही लिहीत नाही. त्याने मान हलवली. "टाकलेला काडाला मी येडा हाय का? तू इचारलंस, मी दावलं. लपवलं नाय. लिव काय लिवायचं ते. पन एक कर. माज्या गाडीत बसलीस तशी बाकीच्यांच्या गाडीत पन बस."

तेवढं मला पटलं. शनिवारी मी कळंबोलीला गेले. लोखंडबाजाराच्या मागे त्या ट्रान्सपोर्टवाल्याचं एसी ऑफिस आहे. त्याने थंड पेय मागवलं, गुळगुळीत पानांची फाइल पुढे केली. तीत झाडं लावतानाचे फोटो, प्रमाणपत्रं, आणि मान्य केंद्राच्या पावत्या. पावत्या खऱ्या होत्या, शिक्का बघितला मी. मी म्हटलं, "छान आहे. आता तुमची एखादी भरलेली गाडी निघाली की मला तिच्यात बसायचंय."

तो हसला. "मॅडम, लेडीज डंपरमध्ये? तुम्ही पण ना. इन्शुरन्सचा इश्यू होतो."

"मग मी रिक्षाने मागून येते."

"आज गाडी निघत नाहीये," तो म्हणाला. त्याच्या मागच्या काचेतून दोन गाड्या निघताना मला दिसत होत्या. उरण रस्त्यावरच्याने तर फोनच उचलला नाही.

रविवार कसा गेला मला सांगता येणार नाही. माहीत नाही असंच राहू दिलं असतं तर कुणाला काय कळणार होतं? कुणालाच नाही. पण मी पाहिलं होतं. आणि दादाने तोंड वर करून दाखवलं होतं, त्याच्या त्या दाखवण्याला मी मध्यम म्हणून पुसून टाकायचं हेही मला जमेना. जेवण गेलं नाही. वहिनीचा फोन आला, तोही मी घेतला नाही.

सोमवारी मॅडमने विचारलं, "कोणाचं उत्तर बदललंय?"

मी म्हटलं, "माझं. माझ्या भावापुढे वाईट लिहा. मी गाडीत बसून पाहिलंय. तिवरांवर टाकतो. जमिनीवर माझंही नाव आहे."

काकांनी चष्मा काढला. साहेबांनी दार लोटून घेतलं. साइट इंजिनिअर माझ्याकडे बघत राहिला. मग एकेकाने सांगितलं की आम्ही पाहिलेलं नाही, ताईंनी पाहिलंय, त्यांचं उत्तर तेच आमचं. मॅडमने लॅपटॉपवर भरलं. निकाल बघून त्या थांबल्या, पुन्हा भरलं, पुन्हा थांबल्या.

"बोला की," साहेब म्हणाले.

"बाकीच्या प्रश्नांत तिघं सारखेच आहेत, फरक या एकाच प्रश्नाने पडतोय. तुम्ही खालचं टोक धरायचं ठरवलं होतं," त्या म्हणाल्या. "वाईटचा पट्टा एक ते तीन. खालचं टोक एक. बाकी दोघांचं माहीत नाही, शून्य ते दहा. खालचं टोक शून्य. त्यामुळे यांचा भाऊ पहिला येतोय."

आधी कोणाला नीट कळलं नाही. कळलं तेव्हा साहेब खुर्चीत मागे रेलले. "वा, ताई. डोकं लावलंत."

माझी कानशिलं तापली. रात्र रात्र तळमळून मी माझ्याच भावाच्या पायावर धोंडा घातला होता आणि या माणसाला वाटत होतं मी गणित करून आले. मी म्हटलं, "मला तुमच्या टोकांतलं काही कळत नाही, साहेब. मी पाहिलं ते सांगितलं. डोकं लावायचं असतं तर गप्प बसले असते."

मॅडम मध्ये पडल्या. आवाज चढला नव्हता, पण पहिल्यांदाच त्यांचा चेहरा लाल झाला होता. "पद्धतीने चूक केलेली नाही. वाईट आहे हे कळणं आणि काहीच न कळणं यात तुम्ही न कळण्याला जास्त घाबरायचं ठरवलं होतं. त्याप्रमाणे उत्तर आलंय. याच्यावर उपाय एकच, बाकीच्या दोघांचं पण जाऊन बघा."

"कोण जाणार? मुदत उद्या संपते," साहेब म्हणाले. "मधलं धरा."

"निकाल बघून नियम बदलायचा नाही असं ठरलं होतं."

"तिवरांवर टाकणारा पहिल्या नंबरावर दाखवू का मी त्या लोकांना? मधलं धरा."

मधलं धरलं. वाईटचं मधलं दोन. माहीत नाहीचं मधलं पाच. कळंबोलीचा आणि उरणचा बरोबरीला आले, उरणचा गेल्या महिन्यात दुसऱ्या साइटवर वेळेवर आला नव्हता म्हणून साहेबांनी त्याला मागे टाकलं आणि कळंबोलीचा पहिला आला. मी उभी राहिले. म्हटलं, "निदान एकदा, कोणीतरी एकाने, त्याच्या गाडीत बसा. मला बसू दिलं नाही त्याने. त्याची गाडी कुठे जाते तुम्हाला ठाऊक आहे?"

"पावत्या आहेत की," काका म्हणाले. इंजिनिअरला नेमका तेव्हाच फोन आला. साहेबांनी सांगितलं की आगराचं बाहेर कुठे बोलायचं नाही. कळंबोलीचा कोणाचाच भाऊ नव्हता, त्यामुळे त्याच्या गाडीत बसायची पाळी कोणावर आली नाही.

मॅडमने अहवालात एक ओळ घातली की निवडलेल्या पुरवठादाराचा राडारोडा कुठे जातो हे कोणी पाहिलेलं नाही. ती ओळ ठेवूनच सही करीन म्हणाल्या आणि तशीच केली. तेव्हापासून मला त्यांचा राग येत नाही.

दादाला मी साइटवर जाऊन सांगितलं. मी काय बोलले, काय झालं, सगळं. त्याने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाला, "बरं." मला वाटलं होतं गाव फाटकाशी येईल, आरडाओरडा होईल, साहेब घाबरतील आणि मग काहीतरी होईल. खरं सांगायचं तर मी त्याचीच वाट बघत होते. पण गाव आलं नाही. दादानेच येऊ दिलं नाही, असं मला ड्रायव्हरकडून कळलं. कळंबोलीच्या गाड्या फाटकातून आत आल्या आणि भरून बाहेर गेल्या.

मग बरेच दिवस दादाचा फोन नाही. मी केला तर वहिनी उचलायची आणि तो अंघोळीला गेलाय म्हणायची, कुठल्याही वेळी केला तरी. एका रविवारी तिचाच फोन आला. "ताई, त्यांनी आगरावर गाडी लावलीय. येऊन बघा एकदा."

मी गेले. दादाने जेसीबी आणला होता. उघाडीच्या अंगाचा सगळा भाग त्याने उपसून काढला होता. विटा, फरशा, सगळं गेलं होतं, खाली काळा चिखल उघडा पडला होता आणि मोडलेली तिवरं तशीच वाकून उभी होती. पलीकडचा भाग मात्र भरलेलाच होता, सपाट, आधीपेक्षा उंच. दोन्हींच्या मधे त्याने उघाडीपासून बांधापर्यंत मोठे दगड एका ओळीत लावले होते आणि त्यांना चुना मारला होता.

"दादा, यो काय?"

त्याने खिशातून पावत्यांचा गठ्ठा काढून माझ्या हातात दिला. त्याच मान्य केंद्राच्या, त्याच शिक्क्याच्या. "तुज्या भागाचा सगला नेऊन टाकलाय, जिथं टाकाला पायजे तिथं. हाफिसात दाव."

"आन तुजा भाग?"

"माजा माज्यापाशी. माज्या भागात काय टाकायचं ते मी बगीन. तुज्या भागात काय उगवायचं ते तू बग."

"आपल्यात वाटनी नव्हती दादा."

"नव्हती," तो म्हणाला. "आता झाली."

वहिनी बांधावर उभी राहून रडत होती. मी तिच्याकडे बघितलं, पावत्या पर्समध्ये घातल्या, पुन्हा काढल्या आणि पुन्हा घातल्या. भरती लागली होती. पाणी उघाडीतून आत शिरून माझ्या भागात पसरत होतं. दादाने जेसीबीवाल्याचे पैसे चुकते केले आणि तो मागे न बघता घराकडे चालायला लागला. वहिनीही डोळे पुसत त्याच्या मागोमाग गेली.

माहेरी आलेली बहीण जेवल्याशिवाय परत जात नाही आमच्यात. घरात दुखवटा असला तरी तिला निदान पेज तरी देतात. त्या दिवशी मी गव्हाण फाट्यावर येऊन रिक्षा धरली, आणि दुपारी पनवेलला घरी येऊन भात टाकला.